आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

घरातलं बदक आजारी पडलं की सगळ्यात आधी त्याच्यापुढे खाणं येतं. कुणी भात कालवून ठेवतं, कुणी दुधात पोळी कुस्करून आणतं, कुणी मक्याचा भरडा भिजवतं. बदक चोच लावत नाही असं दिसलं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस त्याला मांडीवर घेतं, चोच उघडतं आणि चमच्याने घास आत सारतं. या मायेत खोट काहीच नसते. पण आजारातून तगलं असतं असं बदक अशा घासाने दगावल्याची उदाहरणं पशुवैद्यांकडे हवी तितकी ऐकायला मिळतात.

कारण सरळ आहे. अंग गार पडलेल्या पक्ष्याचं पोट चालत नाही. गेलेलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं. कोंबडीसारखी ठळक अन्नपिशवी बदकाला नसते. मानेच्या खालच्या भागात अन्ननलिकाच थोडी फुगीर होते, आणि तिथे साचलेला लगदा उलटून तोंडाकडे आला की श्वासनलिकेत शिरायला वेळ लागत नाही. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल तर पचनाला लागणारं पाणी आतडं उरल्यासुरल्या रक्तातूनच ओढतं. म्हणून आजारी बदकाच्या शुश्रूषेचा क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी आणि शेवटी खाणं. घरच्या माणसांनी रोगाचं नाव शोधत बसायचं नाही. बदकाची शिल्लक ताकद वाया जाऊ द्यायची नाही आणि डॉक्टरांना पुरेसा वेळ मिळवून द्यायचा, एवढंच घरचं काम आहे आणि ते पुष्कळ मोठं आहे.

एवढी निकड असते, कारण बदक आजारी आहे हे आपल्या लक्षात येतं तेव्हा आजार जुना झालेला असतो. कळपातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत बदक धडधाकट असल्यासारखंच वावरतं. हा सावधपणा किती खोल मुरलेला आहे, हे १९९९ साली अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट विद्यापीठातल्या निल्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसलं. त्यांनी मॅलार्ड जातीची बदकं एका रांगेत ठेवली आणि झोपेत त्यांच्या मेंदूची नोंद घेतली. रांगेच्या टोकाची बदकं मधल्या बदकांच्या मानाने सुमारे अडीच पट जास्त वेळ अर्धा मेंदू जागा ठेवून झोपत होती, आणि त्यांचा उघडा डोळा बहुतेक वेळा रांगेबाहेरच्या बाजूला असे. मस्कोव्ही वगळता आपल्याकडची सगळी पाळीव बदकं, खाकी कॅम्पबेल असो की पांढरं पेकिन, याच मॅलार्डची वंशज. अंगणात निर्धास्त फिरणाऱ्या बदकाच्या अंगात तो पहारा अजून आहे.

म्हणून बारीक खुणा बघायला शिकावं. इतरांपासून दूर, पिसं फुलवून, मान खांद्यात ओढून भर दिवसा बसलेलं बदक. अर्धवट मिटलेले डोळे. प्रत्येक श्वासाला वर-खाली होणारी शेपटी, म्हणजे श्वास घ्यायला जोर लागतोय. उचलून बघितलं तर छातीचं मधलं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागतं, कारण दोन्ही बाजूंचं मांस झडलेलं असतं. हिरवी विष्ठा दिसली की लोक पोटाचा संसर्ग धरून बसतात. पण काही दिवस काही न खाल्लेल्या पक्ष्याची विष्ठा नुसत्या पित्तानेही हिरवी होते. ती उपासाची खूण असू शकते.

आता ऊब. बदकाच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपलं ३७. निरोगी बदक पंखाखाली हात घालून बघितलं तर आपल्याला तापलेलंच वाटतं. नेमकं यामुळे फसायला होतं: हाताला कोमट लागणारं बदक आपल्याला बरं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते जिवाला धोका व्हावा इतकं गार झालेलं असतं. पिसं फुलवून बसणं म्हणजे अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवण्याची धडपड. त्या धडपडीत जी ताकद जाते ती आजाराशी लढायला उरत नाही. बाहेरून ऊब मिळाली की तेवढा भार उतरतो.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. बदकाला पंख न घासता वळता येईल एवढं पुठ्ठ्याचं खोकं घ्यावं, वरून हवा खेळती ठेवावी. फरशीवर थेट ठेवू नये. कडाप्पा किंवा शहाबादी फरशी पायातून आणि पोटातून ऊब शोषून घेते, त्यामुळे खाली गोणपाट आणि वर जुन्या सुती साडीच्या घड्या. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात, वर्तमानपत्रावर पाय घसरतात. दोन्ही टाळावं. खोक्याच्या एका टोकाला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी किंवा कडेला सुरक्षित अंतरावर टांगलेला जुन्या धर्तीचा पिवळा बल्ब. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब कापडाला किंवा पुठ्ठ्याला टेकता कामा नये. आग लागायला तेवढं पुरतं. बदक बसतं त्या उंचीवर साधा तापमापक ठेवून २७ ते ३० अंशांच्या आसपास राहील असं बघावं. ऊब एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको झाली की बदकाला सरकता येतं. ज्याला सरकता येत नाही त्याच्याजवळ माणूस हवं. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, ही जास्त तापल्याची खूण. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर हा सगळा हिशेब उलटा होतो. तिथे सावली, वाळ्याचा पडदा आणि ओलसर गोणपाट हेच उपचार. कोकणातल्या जुलैत मात्र पावसाची तिरीप आणि दमट वारा यांनी बदक किती लवकर गारठतं, हे वाडीत बदकं पाळणाऱ्यांना ठाऊक असतं.

अंग उबदार झालं, डोळे थोडे उघडले, की पाण्याची वेळ. इथे बदकाच्या शरीराची रचना समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण घरात होणारे बहुतेक अपघात इथेच होतात. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच शरीरातल्या नऊ वायुकोशांतून हवा फिरते. त्यामुळे बदक तडफडू नये म्हणून त्याची छाती घट्ट आवळून धरली तर नाक-तोंड मोकळं असूनही ते गुदमरतं. धरायचं ते पंख अंगाशी मिटून, खालून आधार देऊन, छाती मोकळी ठेवून. पाठीवर उताणं तर धरायचंच नाही. दुसरी गोष्ट श्वासनलिकेच्या तोंडाची. बदकाची चोच उघडली की जिभेच्या मुळाशी, अगदी समोरच, एक लहान फट उघडझाप करताना दिसते. तीच श्वासाची वाट. घशात धरलेल्या सिरिंजने पाणी एकदम सोडलं तर ते थेट तिथे जाऊ शकतं, आणि फुफ्फुसात गेलेल्या पाण्याने होणारा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा वाईट.

म्हणून सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला, बाहेरून, एकेक थेंब लावायचा. बदक जीभ हलवून तो स्वतः आत घेतं. प्रत्येक थेंबानंतर गिळल्याची हालचाल दिसली पाहिजे. न दिसली तर थांबायचं. गिळताच येत नसेल तर घरी काहीही न पाजता डॉक्टरांनी त्वचेखालून सलाइन देणं हाच मार्ग. नळी घालून भरवणं उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांनी हात धरून शिकवल्याशिवाय कधीही करू नये. पाण्यात लहान मुलांना देतात तो ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवून एखाद-दोन दिवस चालतो. पक्ष्याची रोजची पाण्याची गरज किलोमागे साधारण ५० मिलिलिटर. दोन किलोच्या खाकी कॅम्पबेलला दिवसात १०० मिलिलिटर, तेही थोडं थोडं करून. जुलाब असतील तर जास्त.

पोहू देण्याचा मोह मात्र टाळावा. "पाण्यातला जीव आहे, पाण्यात सोडलं की बरं वाटेल" असं पुष्कळ जण मनापासून म्हणतात. आजारी बदकाने पिसांना तेल लावण्याचं काम सोडलेलं असतं. शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते, तिथून चोचीने तेल घेऊन ते अंगभर माखणं हे निरोगी बदकाचं दिवसभराचं काम. ते थांबलं की पिसं पाणी शोषतात, अंग भिजतं आणि उरलीसुरली ऊबही जाते. मान टाकलेलं बदक तर पसरट भांड्यातल्या चार बोटं पाण्यातही बुडतं. पण बदकाला नाक आणि डोळे धुवायला चोच पाण्यात बुडवावी लागते, आणि हे काम आता आपलं. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ, त्यात बुडवलेला स्वच्छ कापूस. दिवसातून दोन-तीनदा नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा हलकेच पुसाव्यात.

खाण्याबद्दल थोडक्यात. नेहमीचं खाद्य पाण्यात भिजवून पातळ केलेलं सगळ्यात बरं. कोरडं पीठ बदकाच्या चोचीत चिकटतं आणि ठसका लागतो. बारीक चिरलेली पालेभाजी, ठेचलेला मटार, तळ्यातलं हिरवं डकवीड मिळालं तर तेही. दूध नको, पक्ष्याच्या आतड्यात ते पचवायची सोय नाही. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज सकाळी त्याच वेळी वापरावा. डोळ्यांना न दिसणारी घट आकड्यात दिसते. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर गोष्ट गंभीर आहे.

आता त्या तक्रारीकडे येऊ, जिच्यासाठी लोक सगळ्यात जास्त घाबरतात: "काल चालत होतं, आज पायच उचलत नाही." पाय जाणं हा एक रोग नाही. वेगवेगळ्या कारणांचा तो एकच चेहरा आहे, आणि कारण कोणतं यावर बदक वाचणार की नाही हे अवलंबून असतं.

पिल्लू असेल तर पहिली शंका नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेची. आठवडी बाजारातून आणलेली पिल्लं घरी तांदळाच्या कण्यांवर, मक्यावर किंवा फार तर कोंबडीच्या स्टार्टरवर वाढतात. शरीरात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन तयार करण्यात बदक कोंबडीपेक्षा कच्चं आहे. त्याच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लाला त्याहून बरंच कमी पुरतं. ते मिळालं नाही की गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. याच जीवनसत्त्वाच्या अभावाने माणसाला पेलाग्रा होतो, आणि दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये तो दिसत असे. बदकात वेळीच खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट भुरभुरवून आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत नायसिन देऊन काही दिवसांत पिल्लू उभं राहतं. सांध्याची ठेवणच बिघडल्यावर मात्र उशीर झालेला असतो.

मोठ्या बदकाचे पाय गेले आणि दुसऱ्या दिवशी मानही लुळी पडली, तर बोटुलिझम आठवावा. उन्हाळ्यात आटलेल्या, सडक्या पाण्यात किंवा मेलेल्या प्राण्याच्या शरीरात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू विष तयार करतो. त्या मढ्यावरच्या अळ्यांना विषाने काही होत नाही, पण अळ्या खाणाऱ्या बदकाला होतं. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. आधी पाय, मग पंख, मग मान. राजस्थानातल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले, तेव्हा बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने निदान केलं ते याचंच. तिथे जिवंत सापडलेल्या पक्ष्यांना सांभाळून, पाणी पाजून काहींना पुन्हा सोडता आलं. घरच्या बदकालाही हीच आशा असते: विषाची मात्रा कमी असेल तर शरीर हळूहळू सावरतं, तोवर त्याला पाणी, ऊब आणि मानेला आधार द्यायचा. शरीर लुळं असताना बदकाला सगळं कळत असतं, म्हणून त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहावं, एकदम वरून झडप घालून उचलू नये.

तिसरं कारण पोटात असतं. बदक चमकणारी वस्तू दिसली की गिळतं. शिशाचं मासेमारीचं वजन, जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा तुकडा, स्क्रू. पेषणीत तो घासला जातो आणि धातू रक्तात उतरतो. एक्स-रे काढल्याशिवाय हे कळत नाही, आणि कळलं तर धातू बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत. घराभोवती नुकतंच बांधकाम किंवा तारेचं काम झालं असेल तर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं.

चौथं कारण महाराष्ट्रात तरी कधीही विसरू नये: बुरशी आलेली पेंड. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेले आणि त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला. त्या पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन सापडलं. बदकाची पिल्लंही त्या वेळी मेली, आणि या विषाला ती इतकी हळवी निघाली की पुढे धान्यात अफ्लाटॉक्सिन आहे का हे तपासायला शास्त्रज्ञ बदकाचं पिल्लूच वापरू लागले. पावसाळ्यात आपल्या घरी कोपऱ्यात ठेवलेली पेंड किंवा मका कुबट वास मारू लागला की "उन्हात टाकू, उकळून घालू" असं होतं. हे विष उकळण्याने जात नाही. ती पेंड फेकून द्यावी. बुरशी लागलेला पेंढा अंथरायलाही नको. त्यातले बीजाणू श्वासावाटे जाऊन वायुकोशांत बुरशी वाढते.

आणि मादी असेल, उभी राहून जोर करत असेल, शेपटी खाली पाडून पेंग्विनसारखी उभी राहत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. ऊब द्यावी, कॅल्शियमसाठी डॉक्टर गाठावेत. पोट दाबून अंडं काढण्याचा प्रयत्न करू नये; आत फुटलं तर बदक वाचवणं कठीण.

पाय गेलेलं बदक सांभाळणं हे चिकाटीचं काम आहे. एकाच जागी बसून छातीच्या हाडाखाली जखम होते, म्हणून सुती कापडाची चुंबळ करून तिच्यावर बसवावं आणि दर काही तासांनी कूस बदलावी. मागची पिसं विष्ठेने भरतात आणि माश्या तिथे अंडी घालतात. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या होतात, आणि त्या जिवंत मांस खातात. दिवसातून दोनदा मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करणं याला पर्याय नाही. ताकद थोडी परतली की पाय मोकळे राहतील अशा कापडी झोळीत थोडा वेळ टांगून उभं करता येतं, किंवा टबातल्या कोमट पाण्यात छातीखाली हात धरून पाय हलवू देता येतात. हात काढायचा नाही, आणि नंतर अंग पुसून कोरडं केल्याशिवाय सोडायचं नाही.

ही सगळी कामं एकत्र उरकावीत: दर तासाला उचलून बघण्यापेक्षा दोन-तीन ठरलेल्या वेळा आणि मध्ये संपूर्ण शांतता. रात्री अंधार. घरात दुसरं बदक असेल आणि आजार संसर्गाचा नसेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ते जाळीपलीकडे दिसेल असं ठेवावं. एकट्या पडलेल्या बदकाचा तो अर्धा जागा मेंदू तेव्हाच थोडा विसावतो.

औषधांबाबत एकच आग्रह. घरातली दुखण्यावरची गोळी देऊ नये, अगदी चतकोरसुद्धा. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडं निकामी होऊन भारतातली गिधाडं कशी संपत गेली आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी का आली, हे आपल्याच डोळ्यांसमोर घडलेलं आहे. पक्ष्याला मात्रा वजनाप्रमाणे लागते, आणि औषधाची निवड डॉक्टरांनीच करायची. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. तरी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतं, आणि मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पक्षी बघितले जातात. जाताना वजनाची वही, विष्ठेचा फोटो आणि खाद्याची मूठभर पुडी बरोबर न्यावी. प्रतिजैविकं चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तोवर त्या बदकाची अंडी कुणी खाऊ नयेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना त्याचा मुका घेऊ देऊ नये. साल्मोनेला बदकाला काही न करता माणसाला आजारी पाडतो.

एका प्रसंगी मात्र घरची शुश्रूषा थांबवून फोन उचलायचा. एकाच वेळी बरीच बदकं-कोंबड्या अचानक मरू लागल्या, किंवा आजारी बदकाच्या मानेला झटके येऊ लागले आणि परिसरात पक्षी मरत असतील, तर बर्ड फ्लूची शक्यता धरावी. भारतातली पहिली एच५एन१ साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. अशा वेळी पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

कधी सगळं करूनही बदक सुधारत नाही. ते घरच्यांनी काही कमी केलं म्हणून नाही. सलग काही दिवस स्वतःहून पाणी घेत नाही, मान उचलत नाही, ऊब देऊनही अंग गार पडतं, श्वासासाठी झगडतं, असं झालं तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलावं. बेशुद्ध करून दिलेल्या इंजेक्शनने ते शांतपणे होतं. हा निर्णय घेताना घरातल्या मुलांना खरं सांगावं. फसवलेलं मूल ते लक्षात ठेवतं.

घरात आणखी बदकं असतील तर शवविच्छेदन मागावं. साथीचा संशय असेल तर अर्थातच ते विभागाच्या सांगण्याप्रमाणे. शव फ्रीझरमध्ये ठेवू नये, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणीला उपयोगी राहत नाहीत. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांबरोबर, शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावं. पेंड होती, धातू होता की पाण्यात काही होतं, हे कळलं तर उरलेल्या बदकांचं खाद्य, टाकी किंवा कुंपण त्याच आठवड्यात बदलता येतं. एकटं उरलेलं बदक असेल तर त्याला जोडीदार लागेल, पण नव्या बदकाला महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवूनच मग एकत्र सोडावं.